जीपचे तीन दांडे आणि डिचोलीच्या लाल वाटा

काही वर्षांपूर्वी चवथीच्या आदल्या दिवशी आम्ही मूर्ती आणायला जीप काढली. चित्रशाळा एका कुळागराच्या पलीकडे, आणि तिथवर जाणारी वाट आठ दिवसांच्या पावसाने पार लोणी झालेली. आम्ही पुढच्या चाकांचा दांडा ओढला, लहान गिअर टाकला, आणि जीप आत गेली तशीच मूर्ती घेऊन बाहेरही आली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. गडबड त्यानंतर झाली. डांबरी रस्त्याला लागल्यावर लहान गिअर काढला, पण पुढच्या चाकांचा दांडा काढायचे कोणाच्याच लक्षात आले नाही. दोन वळणे गेली तेव्हा स्टिअरिंग दगडासारखे जड झाले. दांडा काढायला गेलो तर तो जागचा हलेना. सर्वणच्या अलीकडच्या वळणावर खालून काडकन आवाज आला आणि जीप थांबली. मूर्ती दुसऱ्याच्या पिकअपमधून मांडवापर्यंत पोचली. पिकअपवाला पुढे वर्षभर आमची चेष्टा करीत होता.

आमच्यातले अण्णा जन्मभर खाणीवर जीप चालवून निवृत्त झालेले. त्यांनी खाली वाकून पाहिले आणि म्हणाले, "क्रॉस गेला. आतले दातही गेले असणार."

आम्ही म्हटले, "अण्णा, एवढ्या चिखलातून आली आणि इथे कशी मोडली?"

"चिखलात जीप मोडत नाही रे. चांगल्या रस्त्यावर मोडते."

हे वाक्य आम्हांला तेव्हा थट्टेचे वाटले. नंतर गाडी खोलताना, आणि त्या निमित्ताने जुन्या चारचाकी-ओढीच्या गाड्यांविषयी मिळेल ते वाचताना आणि ऐकताना, ते शब्दशः खरे असल्याचे ध्यानात आले. आमच्या डिचोली तालुक्यातल्या वाटांचा गेल्या सत्तर-ऐंशी वर्षांचा इतिहास त्या एका वाक्यात आहे असेही आम्हांला वाटते. म्हणून हा लेख. यंत्रांची आवड नसलेल्या वाचकांनी पुढचे दोन परिच्छेद सोडून दिले तरी आमची हरकत नाही, पण वाचले तर पुढची गंमत कळेल.

इंजिनाची ताकद गिअरबॉक्समधून निघाली की साध्या गाडीत ती सरळ मागच्या चाकांकडे जाते. चारी चाके ओढायची असतील तर मध्ये आणखी एक पेटी लागते. तिला ट्रान्सफर केस म्हणतात, आमच्याकडचे मिस्त्री नुसते 'ट्रान्सफर' म्हणतात. तिच्यातून एक शाफ्ट मागे जातो आणि एक पुढे. जुन्या जीपमध्ये या पेटीचे दोन दांडे असतात, एक पुढची चाके जोडायचा आणि दुसरा हाय-लोचा. गिअरचा तिसरा. असे तीन दांडे पाहून नवा माणूस घाबरतो. पुढची चाके जोडली की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना लोखंडाने बांधले जातात. आता गाडी वळवून पाहा. जीपच्या पुढच्या आणि मागच्या चाकांत ८० इंचांचे, म्हणजे दोन मीटरचे अंतर. मागचा आस पाच मीटर त्रिज्येच्या वळणावर फिरला तर पुढचा आस सुमारे ५.४ मीटर त्रिज्येवर फिरतो. गाडी काटकोनात वळेपर्यंत मागची चाके ७.८५ मीटर चालतात आणि पुढची जवळजवळ ८.५ मीटर. दोन फुटांचा फरक पडला. शाफ्टच्या हिशेबात हा सव्वा-दीड फेऱ्याचा फरक होतो, पण दोन्ही शाफ्ट तर एकत्र बांधलेले. मग हा फरक जाणार कुठे? जमीन भुसभुशीत असेल तर चाक किंचित घसरते आणि हिशेब मिटतो. डांबरावर चाक घसरत नाही. मग शाफ्टच पिळत जातो, दात एकमेकांवर आवळतात, दांडा अडकतो, आणि शेवटी जे सगळ्यांत कच्चे असेल ते तुटते. आमचा क्रॉस तसाच तुटला.

याला दोन उत्तरे निघाली. पहिले म्हणजे पुढची चाके गरज असेल तेव्हाच जोडायची, एरवी मोकळी ठेवायची. याला पार्ट-टाइम म्हणतात. (शब्द ऐकला की आम्हांला शाळेतले अर्धवेळ चित्रकला शिक्षक आठवतात. तेही गरजेपुरतेच येत.) दुसरे उत्तर म्हणजे ट्रान्सफरच्या पोटात तिसरा डिफरन्स बसवायचा. मागच्या आसाचा डिफरन्स जसा डाव्या-उजव्या चाकांना कमीजास्त फिरू देतो, तसा हा पुढच्या-मागच्या शाफ्टना कमीजास्त फिरू देतो. मग चारी चाके कायम जोडलेली राहिली तरी बिघडत नाही. हे झाले फुल-टाइम. मात्र डिफरन्सची एक खोड असते, जिथे अडवणूक कमी तिथे तो फिरतो. एक चाक चिखलात गरगरले की बाकीची तीन गप्प बसतात. म्हणून फुल-टाइम पेटीलाही चिखलासाठी एक कुलूप द्यावे लागते, ते लावले की मधला डिफरन्स बंद होतो आणि ती पार्ट-टाइमसारखीच बांधली जाते. तेव्हा दोन्ही प्रकारांत दांडा आहे आणि दोन्हींत विसरायची सोय आहे. फरक इतकाच की एकात दांडा चिखलासाठी जोडायचा आणि दुसऱ्यात चिखलासाठी कुलूप लावायचे.

गंमत अशी की यातले फुल-टाइम अधिक जुने. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या क्लिंटनव्हिल गावी ऑटो झाकाव आणि विल्यम बेसरडिच या दोन मेहुण्यांनी १९०८ साली चारी चाकांनी ओढणारी मोटार केली. त्यातून एफडब्ल्यूडी ही कंपनी उभी राहिली. तिचे तीन टनी ट्रक पहिल्या महायुद्धात हजारोंनी फ्रान्सच्या चिखलात उतरले. त्या ट्रकच्या ट्रान्सफरमध्ये मधला डिफरन्स होता आणि त्याला कुलूपही होते. म्हणजे आज शोरूममध्ये ज्याची जाहिरात होते ते शंभर वर्षांपूर्वीच झालेले आहे.

मग जीपने तो का सोडला? आम्हांला वाटते, घाई आणि पैसा. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन लष्कराला हलकी गाडी हवी होती, ती लाखांनी हवी होती आणि लगेच हवी होती. विलीज आणि फोर्ड यांनी मिळून सहा लाखांवर जीप केल्या. त्यांच्या ट्रान्सफरचे नाव स्पाइसर १८. बिडाची पेटी, आत सरळ गिअर, साखळी नाही, मधला डिफरन्स नाही. पुढची चाके जोडल्याशिवाय लहान गिअर पडू नये अशी अडसर-योजना आत होती, कारण लहान गिअरची सगळी ताकद एकट्या मागच्या आसावर गेली तर तो टिकणार नाही. मधल्या गिअरचा शाफ्ट युद्धातल्या जीपमध्ये अवघा पाऊण इंच जाड होता. तो झिजत असे. युद्धानंतर तो वाढवत वाढवत सव्वा इंचापर्यंत नेला. ही पेटी तेल गळण्यासाठी प्रसिद्ध. खाली तेलाचा थेंब दिसला नाही तर आतले तेल संपले का ते बघावे, असे अण्णा सांगत. पण ती कोणाही मिस्त्रीला आंब्याच्या झाडाखाली खोलून जोडता येई, आणि पुढे आपल्याकडे याच गोष्टीला किंमत आली.

आता आपल्या तालुक्याकडे येऊ. दुसऱ्या महायुद्धानंतर गोव्याच्या लोहखनिजाला मागणी आली, ती मुख्यतः युद्धातून सावरणाऱ्या जपानकडून. शिरगाव, डिचोली, मये, लामगाव, मुळगाव या पट्ट्यातल्या डोंगरांत खनिज होते, आणि खाली मांडवीला मिळणाऱ्या नद्या होत्या. सुरुवातीला माणसे पहारीने खोदत, बायका टोपल्या वाहत, बैलगाड्या नदीपर्यंत माल नेत. पन्नाशीच्या दशकात यंत्रे आली. मुरगावला चौगुल्यांनी १९५९ मध्ये यांत्रिक माल-चढवणीची सोय उभी केली, तेव्हा डोंगरापासून जहाजापर्यंतची साखळी पुरी झाली.

या साखळीत जीपचे काम माल वाहण्याचे नव्हते. हे आम्ही मुद्दाम लिहितो, कारण आमच्या मुलांना वाटते की खाणीवरचे टिपर चारी चाकांनी ओढत असतील. नव्हते ओढत. खाणी वर डोंगरात आणि धक्के खाली नदीकाठी, म्हणून भरलेला टिपर उतरणीला जातो आणि रिकामा चढणीला येतो. शिवाय भरलेल्या ट्रकचे वजन मागच्या दुहेरी चाकांवरच बसते, ती घट्ट पकडतात. पुढची चाके ओढवण्याचा खर्च आणि वजन त्यात बसवले असते तर तेवढा माल कमी भरावा लागला असता. पावसाळ्यात तर वाहतूकच मंदावे, कारण आग्वादकडचे मांडवीचे मुख बार्जना बंद होई आणि त्यांना कुंभारजुव्याच्या कालव्यातून फिरून जावे लागे. तेव्हा टिपरला चिखलाशी झगडायचे कारण नव्हते.

जीपला होते. जिथे अजून वाटच नाही तिथे पहिली जाणारी जीप. भूगर्भवाला, मोजणीदार, मुकादम, डिझेलचे पिंप, बिघडलेल्या यंत्राचा सुटा भाग, कधी जखमी कामगार, सगळे जीपमधून. जांभ्याच्या सड्यावर जीपला काही त्रास नाही, तिथे नुसता दगड. पण सडा फोडून खाली गेले की मऊ, रंगीबेरंगी माती लागते, आणि आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. ती माती ओली झाली की साबणावरून चालल्यासारखे होते. अशा ठिकाणी पुढची चाके जून ते सप्टेंबर जोडलेलीच असत. काढायची गरज नसे, कारण डांबर कुठे नव्हतेच. आमच्या लहानपणी साखळी-डिचोलीच्या मोठ्या रस्त्याला लागेपर्यंत पायाला तांबडी मातीच लागे. म्हणजे पार्ट-टाइम पेटीची गाडी आपल्याकडे चार महिने व्यवहारात फुल-टाइमच चालत होती, आणि मधल्या डिफरन्सचे काम ओली माती करीत होती. चाक घसरले की पीळ सुटला.

पोर्तुगीज अमदानीत परदेशी माल थेट मुरगावला उतरे. भारताने १९५४-५५ च्या सुमारास नाकेबंदी केल्यावर तर गोव्याचे तोंड समुद्राकडेच राहिले. मोटारी, रेडिओ, घड्याळे, यंत्रे, सगळे बाहेरून आले. तेव्हाच्या मोटारींच्या आठवणी सांगणारे बुजुर्ग अजून भेटतात, त्यांच्या तोंडी अमेरिकन, इंग्रज आणि जर्मन नावे सारखीच येतात.

मग १९६१ चा डिसेंबर. १७ तारखेला सकाळी भारतीय सैन्याने आपल्याच तालुक्यातले माउळिंगे घेतले. डिचोलीत पोर्तुगीजांचे टेहळणी पथक होते, त्याने चढाईची परवानगी मागितली, ती मिळाली नाही. १८ ला पहाटे ब्रिगेडियर सगतसिंग यांची ५० वी पॅराशूट ब्रिगेड दोडामार्गच्या बाजूने खाली उतरली. तिच्या तुकड्या उसगाव-फोंडा, बाणस्तारी आणि थिवी अशा वाटांनी निघाल्या. माघार घेताना पोर्तुगीजांनी पूल उडवले, बाणस्तारीचा आणि बोरीचाही. चारी चाकांची ओढ असो की नसो, पूल नसलेल्या नदीपुढे सगळ्या गाड्या सारख्याच. माणसे होडीतून आणि पोहून पुढे गेली, गाड्या काठावर राहिल्या. १९ तारखेला पणजी मुक्त झाली. त्या तीन दिवसांत पायदळ आपल्या गाड्यांपुढे धावत गेले, हे पुलांच्या आणि नद्यांच्या या मुलखात साहजिकच म्हणायचे.

मुक्तीनंतर गाड्यांच्या बाबतीत जे घडले त्याकडे फारसे कोणी लक्ष दिलेले नाही. गोव्याला भारताचे आयात-परवान्यांचे नियम लागू झाले. परदेशी ट्रकांचे सुटे भाग मिळेनासे झाले आणि एकेक गाडी परसात उभी राहून गंजली. जीप मात्र राहिली. कारण तीच जीप मुंबईत तयार होत होती. महिंद्रांनी विलीजचे सुटे भाग आणून जोडणी सुरू केली, १९४९ मध्ये माझगावला पहिली जीप उभी राहिली, आणि पुढे कांदिवलीला भागही इथेच होऊ लागले. त्यांची उंच बॉनेटची सीजे-३बी आपल्याकडे घरोघरी माहीत आहे, निवडणुकीच्या कर्ण्यापासून मलेरियाच्या फवारणीपर्यंत सगळीकडे तीच. तिच्या पोटातली ट्रान्सफर पेटी तीच, स्पाइसर १८. लहान गिअरचे प्रमाण बदलले होते, युद्धातल्या जीपमध्ये दुप्पट होते ते जवळजवळ अडीचपट झाले, पण घराणे एकच. जुन्या बाहेरच्या जीपला मुंबईचा गिअर, मुंबईच्या जीपला जुन्याचा क्रॉस, अशी उसनवारी चालू झाली. पुढे इंजिने बदलली, पेट्रोल जाऊन डिझेल आले, ऐंशीच्या दशकात प्यूजोचे डिझेल इंजिन घातलेली एमएम-५४० आली. बॉनेटखाली इतकी उलथापालथ झाली तरी जमिनीलगतची पेटी तीच राहिली.

लष्करानेही हाच मार्ग धरला. जबलपूरच्या कारखान्यात निस्सान पॅट्रोलवरून केलेली जोंगा पार्ट-टाइमच. लिलावात निघालेल्या जोंगा आजही कोणाकोणाच्या अंगणात दिसतात, आणि त्या पाहून आमच्यातल्या दोघा-तिघांच्या डोळ्यांत जी चमक येते ती त्यांच्या घरच्यांना पसंत नाही.

याच काळात बाहेर काय चालले होते? इंग्लंडात १९४८ साली लँड रोव्हर निघाली तेव्हा तिची चारी चाके कायम जोडलेली होती. मधला डिफरन्स नव्हता, त्याऐवजी पुढच्या ओढीला सायकलच्या फ्रीव्हीलसारखी कळ दिली होती, म्हणजे पुढची चाके पुढे धावू शकत, पीळ बसत नसे. दोन-तीन वर्षांत ती काढून त्यांनीही जीपसारखा दांडा दिला. अमेरिकेत आर्थर वॉर्न याने १९४८ मध्ये जीपच्या पुढच्या चाकांसाठी सुटणारे हब विकायला सुरुवात केली. पुढची चाके वापरायची नसतील तेव्हा शाफ्ट आणि क्राऊनसुद्धा उगीच फिरू नयेत हा हेतू. वर्षाचे आठ महिने डांबरावर धावणाऱ्या गाडीला हे सोयीचे. आमच्या जीपला असे हब नाहीत, तिचा पुढचा शाफ्ट कायम फिरतो.

मग १९७० मध्ये रेंज रोव्हर आली, मधल्या डिफरन्ससह आणि कुलपासह, आणि फुल-टाइमचा जमाना आला असे सगळ्यांना वाटले. अमेरिकेत १९७३ पासून जनरल मोटर्सने, आणि लगोलग फोर्ड व डॉजने, आपल्या चारचाकी-ओढीच्या ट्रकांत न्यू प्रोसेस कंपनीची २०३ नावाची फुल-टाइम पेटी घातली. जाहिरात अशी, दांडा विसरा, हब फिरवायला चिखलात उतरू नका. त्याआधीची २०५ म्हणजे बिडाची, नुसत्या गिअरची, पार्ट-टाइम पेटी होती. आता योगायोग असा की त्याच १९७३ च्या ऑक्टोबरात अरब देशांनी तेल रोखले आणि पेट्रोल पंपांपुढे रांगा लागल्या. पुढचा शाफ्ट, पुढचा क्राऊन, वरून साखळी, हे सगळे कायम ओढत नेणारी गाडी पेट्रोल पिते हे लोकांना तेव्हा बोचू लागले. शिवाय २०३ च्या दांड्यावर कुलपाची जागा होती. चिखलातून बाहेर आल्यावर ते कुलूप काढायला लोक विसरले, आणि डांबरावर तिच्यातही पीळ बसून तीच मोडतोड झाली. आमच्यासारखे विसरभोळे तिथेही होते हे वाचून आम्हांला बरे वाटले. शेवटी लोकांनी २०३ खोलून तिचा डिफरन्स काढला, त्या जागी सरळ तुकडा बसवला, वॉर्नसारखे हब लावले आणि आपल्या फुल-टाइम गाड्या पार्ट-टाइम करून टाकल्या. असे संच बाजारात विकत मिळत. १९७९-८० पर्यंत कंपन्यांनीही २०३ सोडून दिली.

या गोष्टीवरून पार्ट-टाइमच श्रेष्ठ असा निकाल काढणारे आमच्यात आहेत. आमचे मत तसे नाही. ओल्या डांबरावर, मधूनच तांबडी माती वाहून आलेल्या वळणावर, फुल-टाइम गाडी अधिक धडकी आणि सुरक्षित चालते, कारण तिथे जोडू की काढू हा प्रश्नच चालकाला पडत नाही. डोंगरातल्या चिखलात साधी बांधलेली पेटी बरी. आणि आपल्याकडच्या मिस्त्रीकडे कोणते सुटे भाग मिळतात हा तिसरा मुद्दा आहे, तो बहुतेक पुस्तकांत नसतो. सर्वणसारख्या गावात साठ वर्षे पार्ट-टाइम टिकली ती मुख्यतः या तिसऱ्या मुद्द्यावर.

आता अण्णांच्या वाक्याकडे. मुक्तीनंतर आपल्याकडे एकेक करून रस्ते डांबरी झाले. डिचोली, साखळी, मग गावांच्या अंतर्गत वाटा. ही चांगलीच गोष्ट झाली, दवाखाना जवळ आला, मुली कॉलेजात जाऊ लागल्या. पण जीपच्या ट्रान्सफरला ती मानवली नाही. अण्णा सांगतात की ऐंशीच्या दशकापर्यंत त्यांच्याकडे पेटी उघडण्याचे कारण बहुधा झिजलेला मधला शाफ्ट किंवा संपलेले तेल हेच असे. पुढे पुढे दात तुटलेल्या पेट्या येऊ लागल्या. खाणीतून निघालेली जीप दहा मिनिटांत डांबराला लागे आणि नवा चालक दांडा काढायला विसरे. जुने चालक सरळ नियम पाळत, माती संपायच्या आधी दांडा काढायचा, डांबराला लागल्यावर नव्हे. कारण मातीवर तो बोटाने निघतो आणि डांबरावर दोन वळणे गेली की निघत नाही. अडकलाच तर जोर करायचा नाही. चार-पाच फूट रिव्हर्स घ्यायचे, म्हणजे पीळ उलगडतो. नाहीच जमले तर एका बाजूची दोन्ही चाके रस्त्याकडेच्या चिखलात उतरवून थोडे पुढे जायचे. तेही नाही तर पुढचे एक चाक जॅकवर उचलायचे, आणि उचलताना हात लांब ठेवायचे, कारण सुटलेला पीळ ते चाक झटक्याने फिरवतो. हे ज्ञान कुठल्या पुस्तकात आमच्या हाती लागले नव्हते. ते एका चालकाकडून दुसऱ्याकडे, मागच्या सीटवर बसून, जात होते.

ती परंपरा तुटली २०१२ मध्ये. तोवर गोव्याची निर्यात फुगत २०१०-११ ला पाच कोटी टनांच्या वर गेली होती, गावोगावी कर्ज काढून टिपर घेतले गेले, रस्त्यावर रांगा आणि घराघरांत धूळ. त्या दिवसांचे आम्ही गोडवे गाणार नाही, आमच्या विहिरींचे पाणी आणि शेतांतला गाळ आम्ही विसरलेलो नाही. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणी थांबवल्या, ५ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला. मध्ये काही काळ काम सुरू झाले, ते ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ लीज रद्द होऊन १६ मार्चपासून पुन्हा थांबले. टिपर अंगणात उभे राहिले, हप्ते थांबले नाहीत. चालक सिक्युरिटीत गेले, पणजीला हॉटेलात गेले, कोणी घरी बसले. जीप लिलावात गेल्या. त्यांतलीच एक उंच बॉनेटची, पत्रा गंजलेली पण चासी सरळ असलेली, आमच्यातल्या काहींनी वर्गणी काढून घेतली. मूर्ती, मंडपाचे बांबू, माटोळीचे सामान, महाप्रसादाचा तांदूळ आणायला. गाडी आली, पण मागच्या सीटवर बसून शिकलेला माणूस आमच्यात अण्णांखेरीज कोणी नव्हता, आणि ते त्या दिवशी मूर्तीबरोबर पाठीमागे उभे होते.

डिचोलीच्या खनिजपट्ट्याचा नव्याने लिलाव झाला आणि २०२४ मध्ये तिथे काम पुन्हा सुरू झाले. आता अधिकारी ज्या गाड्यांतून येतात त्यांत दांडाच नसतो, एक गोल बटण असते किंवा तेही नसते. गाडीचा संगणक क्षणाक्षणाला ठरवतो की पुढच्या चाकांना किती द्यायचे. आमचा एक पुतण्या अशी गाडी घेऊन आला होता. त्याला विचारले, ही फुल-टाइम की पार्ट-टाइम? त्याला सांगता आले नाही, आणि खरे तर त्याला सांगता यायची गरजही नाही. पण बिघडली तर ती डिचोलीत उघडता येत नाही, हेही त्यानेच सांगितले.

आमची जीप डिचोलीत उघडली गेली. क्रॉस नवा मिळाला. मधला गिअर मात्र बाजारात हवा तसा मिळेना, तो एका भंगारातल्या पेटीतून निघाला, दात नव्यासारखे. पेटी पुन्हा जोडायला अण्णा दोन दिवस स्टूल घेऊन शेजारी बसले होते आणि मिस्त्रीला नको इतक्या सूचना देत होते. मिस्त्री चिडला, पण तेल पहिल्या महिन्यात गळले नाही. पुढे गळू लागले, ते आम्ही शुभच मानले.

आता जीपच्या डॅशबोर्डवर आम्ही पत्र्याची एक पाटी लावली आहे, पांढऱ्या रंगात लिहिलेली, "माती संपायच्या आधी दांडा काढा". आमच्या मंडळातल्या चार मुलांना अण्णांनी गेल्या उन्हाळ्यात, मग जूनच्या पावसात, सड्यावर आणि शेतवाटेवर जीप शिकवली. त्यांत एक मुलगी आहे आणि अण्णांच्या मते तिचाच हात सगळ्यांत हलका आहे. यंदा चित्रशाळेतून मूर्ती आणताना गाडी तीच चालवणार. कुळागराची वाट संपते तिथे डांबर लागायच्या वीस हात अलीकडे थांबायचे, दांडा काढायचा, दोन हात मागे-पुढे घ्यायचे. मग अण्णा खाली वाकून पुढचा शाफ्ट हाताने हलवून बघतील. तो सैल हलला की ते बोनेटवर दोनदा थाप मारतील, आणि मगच मूर्ती रस्त्याला लागेल.